दुधाळ बाटली

चौथ्या टेबलावरची पोवळी काही एका दिवसात मेली नव्हती. पण वहिनींना ती दिसली सोमवारी सकाळी, आणि माणसाला दिसतं तेव्हाच त्याच्या लेखी संकट सुरू होतं.

आता हे टेबल म्हणजे चार पायांवर जेवणाची ताटं मांडायचं टेबल नव्हे. किनाऱ्यापासून होडीने वीस मिनिटांवर, तीन पुरुष खोल पाण्यात, वाळूत रोवलेली लोखंडी जाळीची बारा टेबलं होती. लाटांनी नाहीतर होड्यांच्या नांगरांनी मोडलेले पोवळ्यांचे तुकडे गोळा करायचे, बोटाएवढे करून या जाळ्यांवर ओळीने बांधायचे, वर्षभर जपायचे आणि तळहाताएवढे झाले की उजाड पडलेल्या खडकांवर नेऊन लावायचे, असं ते काम. संशोधन केंद्रातले लोक याला नर्सरी म्हणत. आणि या नर्सरीच्या मुख्य म्हणजे वहिनी.

त्यांना वहिनी म्हणायला सुरुवात केली त्यांच्या सख्ख्या दिराने. तो केंद्राचा पाणबुड्या. त्याचं ऐकून केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरबाई म्हणू लागल्या, मग ऑफिसातले म्हणू लागले, आणि शेवटी वहिनींच्या वडिलांच्या वयाचे होडीवाले काकासुद्धा वहिनीच म्हणू लागले. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले नऊ महिने फोनमध्ये राहणारा. पण दीर त्यांनी शेकड्याने जोडले होते.

पोवळं हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे, हे वहिनी शाळेच्या सहलींना इतक्या जीव तोडून सांगत, की पोरं खाऊचे डबे उघडायचं विसरत. मोहरीएवढाले जीव, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले. देवाने त्यांना पाय दिले नाहीत, डोळे दिले नाहीत, पण घर बांधायची अशी अक्कल दिली की बसल्या जागी ते आपल्याखाली चुन्याची भिंत उभी करत राहतात. त्या घरात मासे राहतात, खेकडे राहतात, गोगलगायी राहतात. वर हीच भिंत लाटेचा मार छातीवर झेलते, म्हणून किनाऱ्यावर माणसांची घरं राहतात. एवढं करून त्या जिवाचं नाव कुठे? दगड. वहिनींना याचं फार वाईट वाटे.

तर त्या सोमवारी चौथं टेबल पांढरं होतं.

पांढरं पडणं त्यांना नवं नव्हतं. पाणी तापलं की पोवळ्यांच्या अंगात राहून त्यांना अन्न पुरवणारं बारीक शेवाळ बाहेर पडतं, रंग जातो. असे दोन उन्हाळे त्यांनी सोसले होते. पण तेव्हा अंग शिल्लक असतं. काचेसारखं, आतला चुना दाखवणारं, तरी जिवंत. वेळेवर पाणी निवलं तर रंग परत येतो. इथे अंगच नव्हतं. कातडीची सालपटं लोंबत होती आणि खाली उघडा चुना. टेबलाला बांधलेला तापमापक नेहमीचाच आकडा दाखवत होता. वादळ झालेलं नव्हतं, नदीचा गढूळ लोंढा आलेला नव्हता.

म्हणजे कुणीतरी काहीतरी केलं होतं.

हा विचार वहिनींच्या मनात पाण्याखालीच आला. त्यांनी तो झटकलाही, पण विचार मोठा चिकट. होडीत चढल्या तेव्हा तोही त्यांच्यामागून चढला.

होडीवाल्या काकांनी काय झालं ते ऐकून घेतलं. बराच वेळ ते दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले की आपल्याला काय, आपण होडी चालवणारे, खाली काय चालतं ते आपल्याला दिसत नाही. पण सुट्टीच्या दिवशी काही माणसं लहान होडी घेऊन एकटीच बाहेरच्या खडकाकडे जातात, ते मात्र दिसतं. कोण माणसं, असं वहिनींनी विचारलं. काकांनी समुद्राकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि वहिनींच्या पायातल्या पोहण्याच्या पंखांकडे पाहत म्हणाले, "ज्यांनी तुम्हाला पोहायला शिकवलं, ते."

वहिनींनी पायातले पंख काढून ठेवले. काकांना गप्पांची चटक होती, एकाच्या दोन करून सांगायची खोड होती. पण खोटं बोलायची नव्हती.

भाऊजींची जुनी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. ती कुणी उकरत नसे, एवढंच. विशी-पंचविशीत भाऊजी रंगीत मासे पकडत. दुकानांतल्या, दवाखान्यांतल्या काचेच्या टाक्यांत असतात ते. हे मासे जाळ्यात सापडत नाहीत, पोवळ्यांच्या फटींत दडतात. म्हणून पकडणारे विषाच्या गोळ्या समुद्राच्या पाण्यात विरघळवतात, मऊ प्लास्टिकच्या बाटलीत भरतात आणि फटीत पिळतात. मासा झिंगून बाहेर येतो, अलगद हातात. पोवळं मात्र तिथल्या तिथे मरायला लागतं. त्या बाटलीतलं पाणी दुधासारखं दिसतं. भाऊजी एकदा पकडले गेले, शिक्षा झाली, सुटले. मग डॉक्टरबाईंनी त्यांना केंद्रात घेतलं. सहा वर्षं नुसतं लोखंड कापायला आणि टेबलं जोडायला लावलं, आणि मग कुठे डायव्हिंगचं कार्ड हातात दिलं. ते कार्ड म्हणजे भाऊजींची इज्जत. कपाटात कपड्यांच्या घडीत नाही, देवाच्या फोटोमागे ठेवलेलं असे.

आणि याच भाऊजींनी पस्तिशीतल्या वहिनींना, ज्यांना बादलीत तोंड बुडवायची भीती वाटे त्यांना, पाण्यात उतरवलं होतं. आधी बादली, मग कमरेइतकं पाणी, मग गळ्याइतकं. वहिनी ओरडत आणि भाऊजी म्हणत, "ओरडा, ओरडा. ओरडताय म्हणजे श्वास चाललाय."

अशा माणसावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायची. पण संशय काही परवानगी मागून येत नाही. वहिनींना एकेक आठवू लागलं. टेबलांवरून सुटून वाळूत पडलेले तुकडे हल्ली सापडत नसत. पूर्वी त्या ते उचलून परत बांधत. गेल्या वर्ष-दीड वर्षात टेबलांखालची वाळू झाडून काढल्यासारखी स्वच्छ. भाऊजी सुट्टीच्या दिवशी सकाळीच घराबाहेर पडत आणि जेवायच्या वेळेला केसांत मीठ घेऊन परतत. कुठे गेला होतात म्हटलं तर म्हणत, "हवा खायला." हवा खाऊन आलेल्या माणसाच्या बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली असतात होय?

बुधवारी पाचवं टेबल गेलं.

गुरुवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. सासूबाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या आणि भाऊजी कामावर. वहिनी घडी केलेले कपडे ठेवायला म्हणून भाऊजींच्या खोलीत गेल्या आणि कपडे हातात तसेच धरून पलंगाखाली वाकल्या. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं. कुणी पाहिलं असतं तर आपण सांगणार होतो की मोजा सापडत नव्हता, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. माणूस चोरी करायच्या आधी सबब शिवून तयार ठेवतो, तसं.

पिशवीत जुना मास्क होता, एक छिन्नी, तारेचा ब्रश आणि अगदी तळाला, फडक्यात गुंडाळलेली, मऊ प्लास्टिकची बाटली. निमुळत्या तोंडाची. आतून दुधाळ पांढरी.

त्यांनी बाटली हुंगली नाही. विष असेल तर, या भीतीने नव्हे. हुंगल्यावर काही निराळाच वास आला असता तर आपल्याला अजून विचार करावा लागला असता, आणि आता त्यांना विचार नको होता. फडक्यासकट बाटली त्यांनी आपल्या पर्समध्ये टाकली, पिशवीची गंजून अडलेली चेन मेण घासून नीट लावली आणि पिशवी पलंगाखाली सारून दिली.

संध्याकाळी जेवताना भाऊजींनी भात वाढून घेतला, आईच्या नव्या दाढेची चौकशी केली, आणि वहिनींना विचारलं की पाचव्या टेबलाचं खरं का? वहिनी हो म्हणाल्या. भाऊजी म्हणाले, "काहीतरी विचित्र आहे." आणि वहिनींना त्या वाक्यातही लबाडी ऐकू आली. सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या की आज या घरात बोलायला फक्त माझं तोंड आहे, आणि नेमकं तेच डॉक्टरने बंद ठेवायला सांगितलंय.

एक वाक्य विचारलं असतं तर. "भाऊजी, ही बाटली कसली आहे?" पाचच शब्द. ते वहिनींच्या जिभेवर आले, दातांपर्यंत आले आणि परत गेले. कारण समजा त्यांनी मान खाली घातली, तर? ती खाली गेलेली मान पाहायची ताकद वहिनींमध्ये नव्हती. त्यापेक्षा बाटलीच बोलू दे.

शुक्रवारी बाटली डॉक्टरबाईंच्या टेबलावर होती. हे खरंखुरं टेबल, कागदांनी भरलेलं. डॉक्टरबाई उंच, किडकिडीत, स्वतःचा चष्मा दिवसातून चार वेळा शोधणाऱ्या. त्यांनी बाटली उजेडात धरली, ठेवली, पुन्हा धरली. मग वहिनींना सांगितलं की मेलेले तुकडे त्यांनी सोमवारीच तपासायला पाठवले आहेत, पण अहवाल यायला महिना लागेल. बाटलीही पाठवते. पण पुढच्या महिन्यात समितीची माणसं नर्सरी चालू ठेवायची की बंद करायची ते ठरवायला येणार, आणि तोवर टेबलं राहिली पाहिजेत. म्हणून आजपासून पाण्यात वहिनी आणि त्या स्वतः, दोघीच उतरतील. बाकी सगळ्यांना बंदी.

"आणि भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

"कार्ड जमा करायला सांगते. अहवाल येईपर्यंत." डॉक्टरबाईंनी बाटली फडक्यात गुंडाळली. "तुम्ही दिलंत असं मी सांगणार नाही."

भाऊजींनी कार्ड जमा केलं. का, असं विचारलं नाही. बाटली कुणी दिली, असंही विचारलं नाही. घरी येऊन देवाच्या फोटोमागची रिकामी जागा फडक्याने पुसली आणि मोरीतला गळका नळ दुरुस्त करायला बसले. दिवसभर नळ, मग पंखा, मग सासूबाईंचा चष्मा. पाण्यातून बाहेर काढलेला माणूस काय करणार? सासूबाई म्हणाल्या की अजून एक आठवडा हा घरी राहिला तर घरात मोडलेलं काहीच उरणार नाही, मग चांगल्या वस्तू उघडायला घेईल. वहिनी हसल्या नाहीत.

आता गंमत पाहा. चोर घरात बसवला, की चोरी थांबायला हवी. सोमवारी सहावं टेबल गेलं. गुरुवारी सातवं.

वहिनींनी आधी काकांवर डोळा ठेवला. ज्याने बोट दाखवलं त्याचंच काही असेल. ते होडीतून पाण्यात काही टाकतात का, हे पाहायला त्या वर येताना मुद्दाम होडीच्या पलीकडच्या बाजूने डोकं काढू लागल्या. काका दचकून म्हणाले की वहिनी, मी म्हातारा आहे, असं भुतासारखं येऊ नका. एकदा तर त्यांना डॉक्टरबाईंचाही संशय आला. नर्सरी बंद पाडून बाई मोठ्या संस्थेत जाणार असतील तर? त्या दिवशी पाण्याखाली डॉक्टरबाई फोटो काढत होत्या आणि वहिनी त्यांच्या कॅमेऱ्याकडे बघण्याऐवजी हातांकडे बघत होत्या. संशयाला एकदा घरात घेतलं की तो एका खोलीत राहत नाही.

आणि हे सगळं चाललेलं असताना वहिनींचं काम चालूच होतं. काम म्हणजे घासणं. टेबलांच्या जाळीवर शेवाळ वाढतं, ते तुकड्यांवर चढून त्यांना गुदमरवतं. म्हणून रोज एकेक तुकडा दात घासायच्या ब्रशने, मुळापाशी हळू हळू घासून स्वच्छ करायचा. वहिनींचा हात यात इतका बसला होता की बारा टेबलांतला कुठला तुकडा हट्टी, कुठला लाजरा, हे त्या सांगत. आणि त्यांचा एक नेम होता. सुरुवात आजाऱ्यापासून. घरात चार मुलं असली तर जे तापाने फणफणलंय त्याच्या कपाळाला आईचा हात आधी लागतो, तसं. ज्या टेबलाची प्रकृती वाईट, त्याला पहिला मान. तिथे अर्धा तास, मग शेजारच्याला, मग पुढच्याला.

दुसऱ्या सोमवारी आठव्या टेबलाने पांढरं व्हायला सुरुवात केली. वहिनी सहाव्या टेबलापाशी थांबल्या. ते तर संपलंच होतं. चाळीस तुकडे, चाळीस पांढरी हाडं. सवयीने त्या वाकल्या, आणि डाव्या कोपऱ्याकडे हात नेता नेता मागे घेतला. तिथे जाळीखाली गेले तीन महिने एक काटेरी मासा येऊन बसला होता. पट्ट्यापट्ट्यांचा, पिसारा फुलवलेला, दिसायला राजबिंडा आणि काट्यांत विष. त्याच्यामुळे त्या कोपऱ्यातल्या तीन तुकड्यांना वहिनी हातच लावत नसत. रोज मनातल्या मनात त्यांची माफी मागत आणि पुढे जात.

त्या तीन तुकड्यांवर बोटभर शेवाळ माजलं होतं. वहिनींनी लांबून, ब्रशच्या दांड्याने शेवाळ बाजूला केलं.

तिन्ही जिवंत होते. तपकिरी, तुकतुकीत, टोकांना निळसर.

वहिनींना पाण्याखाली स्वतःचा श्वास फार मोठ्याने ऐकू येऊ लागला. चाळीसातले तीन जिवंत. विष पिळलं असतं तर ते काटेरी माशाला घाबरलं नसतं. मग त्या तिघांना काय चुकलं, जे सदतीसांना चुकलं नाही?

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

होडीत चढल्यावर त्यांनी ब्रश बाजूला ठेवला. मग डॉक्टरबाईंना म्हणाल्या की मला सगळे फोटो तारखेप्रमाणे पाहायचे आहेत. ऑफिसात दोघींनी फोटो जमिनीवर मांडले, कारण टेबलावर जागा नव्हती. चौथं, मग पाचवं, मग सहावं, सातवं, आठवं. वहिनींची रोजची वाट, पावलाला पाऊल. प्रत्येक टेबलावरही तसंच. उजव्या कोपऱ्यातून सुरू आणि ओळीने. मरण त्यांच्या मागून मागून चालत गेलं होतं, जणू शिकाऊ मदतनीस.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. रोग लागलेला एखादा तुकडा बाहेरून आला असणार, चौथ्यावर बांधला गेला असणार, असं त्या म्हणाल्या. आणि मग अतिशय हळू आवाजात विचारलं, "वहिनी, ब्रश धूत होतात ना? औषधाच्या पाण्यात, दोन टेबलांच्या मध्ये?"

पहिल्या प्रशिक्षणात सांगितलं होतं हो. वहीत लिहूनही घेतलं होतं. पण ज्या वस्तूचा जन्म पाण्यात जातो, जी सकाळपासून दुपारपर्यंत समुद्रातून बाहेरच येत नाही, ती वर नेऊन पुन्हा पाण्यातच बुडवायची, हे वहिनींच्या मनाला कधी पटलंच नव्हतं. समुद्राहून मोठं धुणं कुठलं? आणि निरोग्यापासून सुरुवात करून आजाऱ्याला शेवटी ठेवायचं, हेही तेव्हा सांगितलं होतं. ते वाक्य तर त्यांनी ऐकलं आणि निष्ठुर म्हणून सोडून दिलं होतं.

"नाही धुतला," वहिनी म्हणाल्या. "मीच केलं हे. समितीला माझं नाव सांगा. आणि भाऊजींचं कार्ड आज परत करा. अहवालाची वाट बघू नका."

डॉक्टरबाई म्हणाल्या की कार्ड बाटलीवरून घेतलंय, आणि बाटलीचं उत्तर अजून मिळालेलं नाही. वहिनींना ते खरं वाटलं, आणि ते खरं वाटलं याची लाजही वाटली.

घरी भाऊजी मिक्सर उघडून बसले होते. सासूबाई शेजारी स्क्रू सांभाळत होत्या. वहिनी दारातच, पर्स खांद्यावर तशीच ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, तुमची बाटली मी दिली."

"ठाऊक आहे."

"बाई बोलल्या?"

"नाही. माझ्या पिशवीची चेन चार वर्षं लागत नाही. त्या दिवशी लागलेली होती." भाऊजींनी स्क्रू फिरवला. "गंजलेली चेन मेण लावून बंद करणारं माणूस या घरात एकच आहे. चोरी करतानाही."

वहिनी खाली बसल्या आणि सगळं सांगितलं. काटेरी मासा, तीन तुकडे, ब्रश, जमिनीवरचे फोटो. भाऊजी ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी येऊ लागलं होतं, आणि एकदम ते थांबलं.

"चौथ्यापासून म्हणालात?"

"चौथ्यापासून."

"कधीपासून असेल? दिसायच्या आधी किती दिवस?"

"असेल तीन-चार आठवडे. का?"

भाऊजींनी हातातला स्क्रू आईच्या तळहातावर ठेवला. मग मान खाली घालूनच बोलले. टेबलांवरून पडलेले तुकडे ते नेत होते. बाहेरच्या खडकावर, जिथे त्यांनी तरुणपणी बाटल्या पिळल्या होत्या. तो खडक पंधरा वर्षांत परत आला नव्हता, नुसता उजाड पडून होता. केंद्राच्या यादीत त्याचा नंबर कधी लागला असता देव जाणे. म्हणून सुट्टीच्या दिवशी छिन्नीने खडक खरवडायचा, तारेच्या ब्रशने साफ करायचा, आणि पांढरं सिमेंट पातळ कालवून, त्याच तसल्या बाटलीतून, एकेका फटीत पिळायचं आणि त्यात तुकडा रोवायचा. एकट्याने उतरणं नियमाविरुद्ध, न विचारता तुकडे नेणं नियमाविरुद्ध. सांगितलं असतं तर कार्ड गेलं असतं. "ज्या हाताने मारलं त्याच हाताने, त्याच बाटलीने लावत होतो," ते म्हणाले. "मला त्यात बरं वाटत होतं."

सासूबाई म्हणाल्या, "न्हाणीतली फरशी वर्षभर हलतेय. तिला सिमेंट नाही, आणि समुद्राला आहे."

कुणी हसलं नाही. कारण भाऊजींनी आता मान वर केली होती. "वहिनी, गेल्या महिन्यातले तुकडे चौथ्याच्या खालचे होते."

दुसऱ्या दिवशी होडी बाहेरच्या खडकाकडे गेली. डॉक्टरबाईंनी दोघांनाही आधी कागदावर सगळं लिहायला लावलं, सह्या घेतल्या आणि भाऊजींना त्या एका दिवसापुरतं कार्ड दिलं. पुढचं समिती ठरवेल, दोघांचंही. काका वाटेत एकच वाक्य बोलले, की आपल्या तोंडाला कुलूप लावायचं तर किल्ली समुद्रात टाकावी लागेल. वहिनी त्यांना म्हणाल्या की काका, तुम्ही पाहिलेलं सांगितलंत. न पाहिलेलं मी जोडलं.

खाली भाऊजींनी खूण केली, आधी जुने. सर्वांत पहिले लावलेले तुकडे आता मुठीएवढे झाले होते. त्यांच्यात चिमुकले निळे मासे शिरत होते. वहिनींनी लांबूनच पाहिले. बोटसुद्धा लावलं नाही. सत्तेचाळीस तुकडे, दीड वर्षाच्या सुट्ट्या. अडतीस निरोगी. शेवटचे नऊ पांढरे, सालपटं लोंबणारे. भाऊजींनी ते एकेक छिन्नीने सोडवले आणि वहिनींनी पिशवीत धरले. स्वतःच्या हाताने लावलेलं स्वतःच्या हाताने उपटताना भाऊजींचा हात एकदाही थबकला नाही. थबकले ते नवव्यानंतर.

नवव्याच्या अगदी शेजारी एक जुनं पोवळं होतं. विषाच्या दिवसांतून कसं कोण जाणे वाचलेलं, घुमटासारखं, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. शे-दीडशे वर्षांचं तरी असेल. त्याच्या पायथ्याशी, नववा तुकडा टेकला होता तिथे, तीन बोटं रुंद पांढरा डाग होता.

डॉक्टरबाईंनी डागाच्या कडेपासून अर्धं बोट पुढे, जिवंत अंगाच्या बाजूला, स्टीलचा बारीक खिळा ठोकला. उद्या-परवा पांढरं खिळ्याच्या पलीकडे गेलं तर रोग चालतोय. अलीकडे राहिलं तर थांबलाय. एवढंच करता येण्यासारखं होतं.

वर आल्यावर तोंडातून नळी काढून भाऊजी पहिलं वाक्य बोलले, "विचारायचं होतंत वहिनी."

"सांगायचं होतंत भाऊजी."

दोघांचंही बरोबर होतं. खाली ते पोवळं मात्र दोघांच्या न बोललेल्या पाच शब्दांचा डाग अंगावर घेऊन उभं होतं.

अहवाल आला. जिवाणूंचा रोग, आणि बाटलीत सिमेंट. समितीने नर्सरी ठेवली. चार टेबलं कायमची उचलायला सांगितली. भाऊजींना सहा महिने एकट्याने नव्हे, फक्त डॉक्टरबाईंबरोबर उतरायची मुभा दिली आणि वहिनींकडून मुख्यपद काढून घेतलं. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या की पद गेलं तर गेलं, वहिनी हे नाव तर कुणी काढून घेत नाही. वहिनी आता निरोग्यांपासून सुरुवात करतात. होडीत औषधाच्या पाण्याच्या दोन बादल्या असतात, आणि प्रत्येक टेबलानंतर वर येऊन त्या ब्रश बुडवतात, शंभर आकडे मोजतात. आजाऱ्यापाशी शेवटी पोहोचताना अजूनही त्यांचा जीव तुटतो. पण तुटू देतात.

दर सोमवारी तिघं बाहेरच्या खडकावर जातात. पाटीवर भाऊजी आपलं माप लिहितात, वहिनी आपलं. होडीत येईपर्यंत कुणी दुसऱ्याची पाटी पाहत नाही. तिसऱ्या सोमवारी दोन्ही पाट्यांवर एकच आकडा होता. खिळ्याच्या अलीकडे, अर्धं बोट.

"थांबलं," भाऊजी म्हणाले.

डॉक्टरबाईंनी दोन्ही पाट्या हातात घेतल्या, मागून पुढून पाहिल्या. "थांबलं लिहू नका. या आठवड्यात सरकलं नाही, असं लिहा."

वहिनींनी वही पुढे ओढली आणि तसंच लिहिलं.